पेटीत कोण?

अख्खं डुक्कर भाजावं तर आमच्या विल्सनने! हा बुवापाड्यातला सुतार. आईच्या साठीला डुक्कर भाजायचं म्हणून पठ्ठ्याने स्वतः लाकडी पेटी बनवली. आतून पत्रा, झाकण पत्र्याचं, आणि निखारे कुठे, तर त्या झाकणावर!

मी म्हटलं, "येड्या, लाकूड पेटेल ना!"

"आग वर जाते, पेटी खाली असते. तू फक्त उचलायला ये."

उल्हासनगरच्या वर्कशॉपमधून पेटी टेम्पोने आली, पण टेम्पो गल्लीत शिरेना. मग आम्ही चौघांनी ती लांबलचक पेटी खांद्यावर घेतली. शेजारच्या पाटीलकाकांनी गॅलरीतून हात जोडले. आम्हाला वाटलं, नमस्कार करतायत.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका पांढऱ्या कपड्यांत, हार घेऊन हजर. दारात विल्सनची आईच उभी. "या भावजी, अगदी वेळेवर आलात!"

काका दचकून दोन पावलं मागे सरले. "वहिनी, तुम्ही जित्या? मग काल पोरांनी पेटीतून कोणाला आणलं?"

"या, दाखवतो," म्हणत विल्सनने त्यांना अंगणात नेलं. आम्ही निखाऱ्यांसकट झाकण उचललं. लाकडाला साधा डाग नव्हता. डुकराची कातडी पापडासारखी कुरकुरीत, आणि आतलं मांस बोट लावताच सुटत होतं.

काकांनी एक तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले. मग पुढे झाले आणि तो हार विल्सनच्या गळ्यात घातला.

"हार काय वाया नाय गेला, पोरा. आता मांडीचा तुकडा दे."