बंदरावर अडलेला माल

वाळूजला जाणाऱ्या शिफ्ट बसमध्ये पुढच्या सीटवर दोन कामगार बोलत होते.

"पुंजाराममामा, आपला माल बंदरावर का अडवलाय?"

"सरकारनं माल जातो त्या देशाला पाठवायला बंदी घातली, बिरू. तिथं लढाई पेटलीय."

"पंपाच्या नळ्यांवर कसली बंदी?"

"नळ्या नायत त्या. तोफगोळ्याची कवचं हायेत."

"सुपरवायझर तर पंपच म्हणला!"

"म्हणणारच. बंदी उठली नाय, तर सोमवारपासून तू घरी."

"मामा, माझा भाऊ त्याच देशात वेल्डर हाय."

"ठाऊक हाय."

"अन् प्रत्येक कवचावर माझा कामगार नंबर ठोकलाय."

"हळू बोल. बंदी उठवायच्या अर्जावर गेटवर सह्या घेतायत."

"माझ्याकडं पेन नाय."

"माझ्याकडं दोन हायेत. चल ऊठ, गेट आलं."

"मामा, तुम्ही उतरा."