पाच दिवसांचा कोर्स

तुर्भ्याच्या एका खोलीत आम्ही साताऱ्याकडचे पाच हमाल राहायचो, तेव्हाची गंमत ऐका. खोलीत काहीही आलं की पाच वाटे व्हायचे. माझा घसा सुजून ताप आला, म्हणून डॉक्टरांनी पाच दिवसांच्या अँटिबायोटिक कॅप्सूल दिल्या.

दुसऱ्या दिवशी माझा ताप तसाच, आणि खोलीतल्या शंकरच्या अंगावर पित्ताच्या गांधी, ओठ सुजलेले! आम्ही दोघं दवाखान्यात गेलो, तर डॉक्टरांनी आधी शंकरला इंजेक्शन टोचलं, मग चक्रावून विचारलं, "औषध याला दिलं, रिअ‍ॅक्शन तुला कशी?"

शंकर म्हणाला, "मलाबी खोकला व्हता, म्हणून याच्यातल्या घेतल्या."

डॉक्टर माझ्याकडे वळले, "मग तुझा कोर्स?"

मी म्हटलं, "पुरा झाला की! पाच जणांनी वाटून एका दिवसातच संपवला. तरी ताप का उतरंना, डॉक्टर?"