जावयाने वाल परत केले

मी श्रीवर्धन बाजूची, खाडीकाठच्या मोहल्ल्यातली. चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकले, म्हणून तुमच्याशी असं बोलता येतं. पाचवीची शाळा पलीकडच्या गावात होती, बाप बोलला, होडीत बसून पोरगी शिकायला जायची नाही, आणि त्याच बापाने पुढे मला विमानात बसवून कतारला नवऱ्याकडे धाडलं. नवरा बंदरावर क्रेन चालवायचा. मी घरातून डबे करायचे, तीस वर्षं केले, ओल्ड एअरपोर्ट वस्तीच्या गल्ल्यांतली किती पोरं माझं वालाचं बिरडं खाऊन जगली. नवरा गेला, इथल्याच मातीत आहे. एक मुलगी, रेहाना, मान-कंबर दुखणाऱ्या माणसांना व्यायाम देते. तुम्हाला मी बोलावलं ते जावयासाठी. लोक बोलतात, त्या पायलट जावयाने गुपित फोडलं. त्याने नाही, मी फोडलं. हे माझ्या तोंडून लिहून ठेवा, नावं तेवढी बदला.

तो रेहानाकडे मान दुखते म्हणून आला. अमेरिकन, काळा, उंच एवढा की आमच्या स्वयंपाकघराच्या दारात वाकतो, आणि कामाला हवाई दलात. नाव आयझॅक. मी बोलले, म्हणजे आपला इसहाक, झालं. कलमा पढला, निकाह झाला. गावाहून नणंदेचा फोन, काय ग वहिनी, सगळ्या दुनियेत तुला हबशीच मिळाला का? मी बोलले, तुझा आजा जंजिऱ्याच्या नवाबाला कमरेत वाकून सलाम करायचा, तो नवाब सिद्दी, म्हणजे हबशीच होता ना, तेव्हा रंग दिसला नाही का तुम्हाला? आपटला तिने फोन. आता खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी मलाही रंगच दिसला होता. दुसऱ्या दिवशी त्याने जेवून आपलं ताट धुतलं, माझ्या नवऱ्याने मरेपर्यंत धुतलं नव्हतं. मग मी नणंदेशी भांडायला मोकळी झाले.

त्याचं काय सांगू तुम्हाला. मी मोड आलेले वाल सोलत बसले की तो ओट्याजवळ स्टुलावर बसायचा, मोठमोठ्या बोटांनी सालं काढायचा, आणि मोडक्या हिंदीत, अडलं की रेहानाला विचारत, आपलं सांगायचा. त्याचे पूर्वज अलाबामात दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचणारे. आजोबा दुसऱ्या महायुद्धात फौजेत भरती झाला, त्याला विमान चालवायचं होतं, अर्ज केला, साहेबाने न वाचताच बाजूला ठेवला आणि हातात झाडू दिला. तीन वर्षं त्याने विमानांखालची जमीन झाडली. म्हातारपणी नातवाला घेऊन विमानतळाच्या कुंपणाशी उभा राहायचा, डोळे मिटून कोणतं विमान ते सांग म्हणायचा. इसहाक पायलट झाला तेव्हा तो राहिला नव्हता. पहिल्याच आठवड्यात इसहाक विमानाकडे चालला होता, तर एका गोऱ्याने त्याच्या हातात आपली बॅग दिली, हमाल समजून. मी विचारलं, मग रे? बोलला, मग काय अम्मा, बॅग जागेवर ठेवली आणि जाऊन माझ्या खुर्चीत बसलो.

त्याचं विमान बॉम्ब टाकत नाही. लढणाऱ्या विमानांना हवेतच इंधन पाजतं. दोन लढायांत त्याने हेच केलं. ती येतात, नळीला तोंड लावतात, पोट भरलं की पुढे जातात, परतताना पुन्हा पितात. एकदा चार गेली आणि तीन आली. चौथ्याच्या वाट्याचं टाकीतच राहिलं, बोलला, ते घेऊन मी खाली उतरलो. एवढंच बोलला आणि पुन्हा वाल सोलायला लागला.

कधी उडणार, कुठे जाणार, हे तो घरात बोलायचा नाही, रेहानालाही नाही. पण मी डबे केलेली बाई, कोण काय टाकतं यावर माझं लक्ष असतंच. उडायच्या आधी तो वाल, चवळी, कोबी काही खायचा नाही. वर गेलं की पोटातला वारा फुगतो म्हणे, त्यांना शिकवलेलं असतं. ते कारण मला नंतर कळलं, आधी वाटीच कळली. बिरड्याची वाटी भरलेली परत आली की समजायचं, हा उडणार.

यंदा समुद्रापलीकडे लढाई पेटली. आकाशात आवाज वाढले, शाळेच्या बस अर्ध्या रिकाम्या जायला लागल्या. वरच्या मजल्यावरची नाशिकची मंजिरी सकाळी खाली आली, नवरा गॅसच्या कंपनीत, दोन लहान मुलं, चेहरा पांढरा. मावशी, जावयांना विचारा ना, मुलांना घेऊन निघू का मी? मी बोलले, तो काही सांगत नाही. मावशी, तुम्हाला कळत असेलच हो काहीतरी. आणि मी बोलले. वाटी दाखवली तिला. तीन दिवस वाल परत येतायत, काय ते समज. मला तिची दया आली असं मी सगळ्यांना सांगते. खरं ते तुम्हाला सांगते, मला मिरवायचं होतं. जन्मात पहिल्यांदा एवढं मोठं काहीतरी मला सगळ्यांच्या आधी कळलं होतं.

बिल्डिंगच्या ग्रुपवर आलं, मावशींच्या जावयाने वाल परत केले, पाणी भरून ठेवा. खाली हसणारी तोंडं. संध्याकाळपर्यंत ते पार दुसऱ्या टोकाला, लुसैलला पोचलं, हिंदीत झालं, इंग्रजीत झालं, वाल त्यातून गळून गेले आणि उरलं एवढंच, अमेरिकेचा पायलट ओल्ड एअरपोर्टला राहतो आणि तो उद्या उडणार. दुकानातल्या पाण्याच्या बाटल्या संपल्या. कुणीतरी आमच्या बिल्डिंगच्या दाराचा फोटोही टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या तळावरून दोघे आले, साध्या कपड्यांत, बोलायला गोड. रेहानाने चहा ठेवला, त्यांनी कपाला हात लावला नाही, मला विचारलं, तुम्हाला हे कुणी सांगितलं? मी बोलले, वाटीने. रेहानाने ते इंग्रजीत सांगितलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि लिहून घेतलं.

इसहाकला त्या दिवशी उडू दिलं नाही. त्याच्या खुर्चीत दुसरा गेला, तरुण पोरगा, ईदला माझ्याकडे जेवलेला. तो उतरल्याचं कळेपर्यंत इसहाक भिंतीकडे तोंड करून बसला होता, पाणीसुद्धा प्यायला नाही. पोरगा आला, सुखरूप आला. मग इसहाक उठला आणि मला बोलला, रागाने नाही, अम्मा, दुसऱ्याची एक चूक एकच धरतात, आम्हा काळ्यांची एक दहा धरतात. बावीस वर्षं मी त्यांना एक मिळू दिली नव्हती. मी भात लावला.

आता चौकशी चालू आहे. उडायची परवानगी परत दिली, लढाईत माणसं कमी पडतात म्हणून दिली, पण घरी यायचं नाही. तळावरच राहतो, तिथेच जेवतो. फोन येतो, कधी येत नाही. रेहानाला सातवा महिना, ती दार लावून बोलते, बाहेर येते तेव्हा तोंड धुतलेलं असतं. मला एवढंच बोलली, अम्मा, तुला दोष देत नाही, पण माझ्यासमोर त्याचा विषय काढू नकोस. मंजिरी मुलांना घेऊन नाशिकला गेली, जाताना रडली, सॉरी मावशी. मी बोलले, तू विचारलंस फक्त, तोंड माझं होतं.

बायका अजून येतात, मावशी काही कळलं का? मला काही कळत नाही. घरावरून विमान गेलं की मांडणीतली भांडी वाजतात, हात थांबतो, त्यात तो असेल, नसेल. नमाजानंतर मी दुवा करते, जो वर आहे त्याला खाली आण. नाव घेत नाही. अल्लाला माहीत आहे कोण ते, माझ्याकडून कळायची त्याला गरज नाही.