‘मी’ नावाचं बटण

...आणि वर तो वीजखात्याचा तपासनीस मलाच विचारतो, ही पेटी प्लास्टिकची का? आता मी काय सांगू? तुम्हाला सांगतो, जिन्याखालच्या कपाटातली ती विजेची पेटी माझ्या दादानं बसवलेली, दादा वायरमन, आणि दादा गेल्या महिन्यात गेला. विजेनं नाही हो, जन्मभर विजेशी खेळला आणि गेला साध्या तापानं... तर तपासनीस म्हणतो, "प्लास्टिक पेट घेतं. लोखंडी हवी." असेल बाबा, नियमाला माझी ना नाही, पण माणसाला जरा दम खाऊ द्याल की नाही?

पुढं म्हणतो, पेटीखाली रद्दी नको, रंगाचे डबे नको, वर हा कोट टांगायचा नाही. कोट दादाचा. काढला. नियमाला माझी ना नाही.

मग बॅटरी मारून बटणांवरच्या चिठ्ठ्या वाचायला लागला. आता आमचा दादा असा, की त्यानं खोल्यांची नावं लिहिलीच नव्हती, माणसांची लिहिली होती. ‘आई’. ‘ही’, म्हणजे वहिनी. ‘येडं’, म्हणजे अस्मादिक. आणि शेवटचं, ‘मी’.

"हा मी कोण?"

"दादा."

"बोलवा त्यांना."

आता बोला... आत वहिनीच्या हातातली भांडी एकदम गप्प झाली. मी म्हटलं, साहेब, दादा नाही आता. ते मागच्या खोलीचं बटण, तिथं तो लोकांचे पंखे दुरुस्त करायचा.

जरा ओशाळला, पण नियम सोडेल तर शपथ. "म्हणजे वापरात नाही. मग काढून टाका. आणि रिकामी जागा उघडी ठेवायची नाही हं, झाकण लावायचं. उघडी राहिली की आतली आग बाहेर येते."

पेटीबद्दलच बोलत होता बिचारा.

पण माझी अक्कल चौथीतच संपलेली. ताडकन म्हणालो, "वापरात आहे."

"कोण वापरतं?"

"मी."

त्यानं चिठ्ठीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, म्हणाला, "ठीक. पुन्हा येऊन बघेन." कधी येणार? ते सांगत नाही!

लोखंडी पेटी बसली. चिठ्ठ्या मी जपून सोडवून तिच्यावर डकवल्या. आणि आता रोज संध्याकाळी मागच्या खोलीत दिवा लावून, दादाच्या स्टुलावर, उघड्या पंख्यासमोर बसतो. स्क्रू कुठल्या बाजूला फिरतो तेही मला ठाऊक नाही...

काल वहिनी चहा घेऊन दारात. "भावजी, रोज काय करता हो इथं?"

म्हटलं, "वापर."