माझ्याकडं इर्जिक हाय

माझं गाव जाफराबादच्या पुढं, पूर्णेच्या काठाला, एस्टी फाट्यालाच सोडती, मंग पायी या न्हाईतर कोनाच्या गाडीमागं बसून या, तुम्ही आले तसं. माझा जन्म इथला, बापाचा इथला, माय नदीपल्याडच्या गावची, म्हंजी काय सांगू तुम्हाला भाऊ, प्यायचं पानीसुद्धा बदललं न्हाई कधी. नाव भिका. माझ्या आधीची लेकरं जगली न्हाईत म्हनून मायनं भिका ठेवलं, आता सगळं गाव आबा म्हन्तं, बायकापोरं आबाच म्हन्त्यात, भिका म्हननारं कोनी राह्यलंच न्हाई.

काम काय करता म्हन्ले तुम्ही. शेती, दुसरं काय. पन गावात माझी वळख येगळी, मी झीलकरी. तुम्ही शहरातले, तुम्हाला झील ठाऊक नसंल, सांगतो. ज्वारीची सोंगनी असली की आम्ही भलरी म्हनायचो, वळीनं पाती धरायच्या, कमरेत वाकायचं, हातात इळा, आन एकानं गान्याची कडी उचलायची, की बाकीच्यांनी तिच्यामागं झील ओढायची. कडी उचलनारा आमचा रंगनाथ. झील धरनारा पह्यला मी, माझ्यामागं सगळे. रंगनाथ म्हंजी माझा जोडीदार, एका गल्लीतले आम्ही, संगंच म्हशी राखल्या, संगंच शाळा सोडली. त्याचा आवाज असा की ह्या बांधाला कडी म्हन्ली की पल्याडच्या वावरातली मानसं इळा थांबवून ऐकायची. आन कडी पाठ केलेली न्हाई बरं का, सामने जे दिसंल ते गुंफायचा, कोनाचा बैल, कोनाची सासू, एकदा माझी नवी बायकोच घेतली त्यानं कडीत, सुभद्रा भाकरीचं टोपलं घेऊन बांधावर आल्ती, ती बिचारी टोपलं तिथंच ठेवून पळाली. मी म्हन्लं रंग्या, तुझ्या जिभेला काई हाड हाय का न्हाई. तर त्याचीबी त्यानं कडी केली. आमची झील मात्र एकच, व्हय गड्या व्हय, झालं. लोक म्हनायचे भिक्याला सोपं काम हाय. सोपं कसं? कडी कुठं संपती ते बराबर धरावं लागतं, जरा जल्दी केली तर कडी मोडती, उशीर केला तर इळ्याचा हात मोडतो. मला कळायचं, त्यानं श्वास घेतला की मला कळायचं.

आन इर्जिक. इर्जिक म्हंजी आज माझ्या वावरात सगळं गाव, उद्या तुमच्या. आदल्या दिशी मालकानं घरोघर जायाचं, उंबऱ्यात उभं राहून म्हनायचं, उद्या माझ्याकडं इर्जिक हाय. बस. रोजगार न्हाई, बोली न्हाई, ज्याच्या घरी बोलावनं गेलं तो इळा घेऊन हजर, आन मालकानं पोटभर जेवू घालायचं. आमच्याकडं रोडगे. ते बायकांचं काम न्हाई, गड्यांचं. कनिक घट्ट मळायची, गोळे करायचे, गवऱ्यांचा आर पाडायचा आन त्यात भाजायचे, वरून काळे झाले तरी आतून कसे खुसखुशीत, फोडून तुपात बुडवायचे, वरन, वांग्याची झणझणीत भाजी. जेवून झाडाखाली आडवं व्हायचं, ज्वारीवर साळुंक्या उतरायच्या, त्यांचा कालवा ऐकत पडायचं. मंग रंगनाथ एकटाच उठायचा आन उगाच खाकरायचा, की समजायचं, चला.

आता ते सगळं गेलं. गाव रिकामं झालं असंबी न्हाई, मानसं हायेत, पन सोयाबीन आली, कपाशी आली, गव्हाला-हरभऱ्याला मशीन आलं, ज्वारी पेरतो कोन? पोरगा वाळूजला कंपनीत, सून तिकडंच, लेकरं तिकडंच. सुभद्रा गेली. ती गेली तवा रंगनाथ रोज संध्याकाळी यायचा, वट्ट्यावर बसायचा, तमाखू मळायचा, मंग पोळ्याच्या आधी तोबी गेला. घरात टीव्ही हाये, तो बोलतो, मी व्हय व्हय करतो, तिथंबी झीलकरीच मी. हासू नका, खरं सांगू राह्यलो. दिवस मावळला की घर खायला उठतं.

यंदा मी एका तुकड्यात शाळू ज्वारी पेरली. पोरगा फोनवर म्हन्ला, आबा, काऊन पेरली, सोंगायला मानूस भेटत न्हाई. मी म्हन्लं गायीला कडबा लागतो. लागतो, पन खरं ते न्हाई. मला एकदा भलरी ऐकायची व्हती. मरायच्या आधी एकदा. मला वाटलं, इर्जिक सांगू, मानसं वळीनं उभी राह्यली, हातात इळा आला, की कोनी ना कोनी कडी उचलीलच, म्हातारे हायेत अजून गावात, आन कोनी उचलली की मी हायेच मागं.

माघात कनसं भरली आन मी निघालो. नवं धोतर नेसलो. घरोघर गेलो, उंबऱ्यात उभा राह्यलो, उद्या माझ्याकडं इर्जिक हाय. कोनी न्हाई म्हन्लं न्हाई भाऊ, समदे म्हन्ले, येतो की आबा. रंगनाथचा पुतन्या गजानन तर मला हाताला धरून म्हन्ला, तुम्ही बिलकुल काळजी करू नका, उद्या पाहाच तुम्ही. मी घरी येऊन कनिक मळली. एकट्यानं परातभर कनिक मळली, हात भरून आले, पन काय वाटत व्हतं म्हनून सांगू, लगीनघरच.

सकाळी वावरात जाऊन आर पाडला, डाळ शिजत घातली, इळ्यांना धार लावून ठेवली. ऊन वर आलं. रस्त्यावर कोनी न्हाई. मी उठून पाहायचो आन बसायचो, उठून पाहायचो आन बसायचो. आन मंग फाट्याकडून धुराळा उठला, पाहातो तर पुढं ते भलं मोठं हार्वेस्टर, आन मागं मोटारसायकली, त्यावर सगळी पोरं, गजानन सगळ्यात पुढं. दोन म्हातारेबी आल्ते मागं बसून. गजानन उतरला, घामानं भिजलेला, तोंडभर हासून म्हन्ला, आबा, तुम्ही एकटे कवा सोंगनार, आम्ही समद्यांनी मिळून डिझेल घातलं, तुमचा एक रुपया न्हाई, आमची इर्जिक समजा.

सांगा. त्यांचं काय चुकलं? मी बोलावलं, ते आले. दुसऱ्या गावात म्हाताऱ्याला कोनी ईचारीत न्हाई. मी म्हन्लं, बरं केलं बाबांनो. रोडगे भाजून व्हायच्या आत वावर मोकळं झालं. कडब्याचा पार भुसा झाला, त्या आवाजानं पाखरू थांबलं न्हाई वावरात. मंग पोरं जेवायला बसली, चाटून पुसून जेवली, आबा तुमच्या हाताला चव हाय म्हन्ली, फोटो काढले, एकानं मोबाइलवर लग्नातलं गानं लावलं. मी त्या दोन म्हाताऱ्यांना म्हन्लं, एक तरी कडी म्हना रे, बसल्या बसल्या म्हना. एक म्हन्ला, आता दम कुठं राह्यला. दुसऱ्याला नीट ऐकूच आलं न्हाई, तो म्हन्ला, व्हय, भाजी झकास झाली. पोरं गेली, आन मी परात घासता घासता रडलो. खोटं कशाला सांगू, लेकरावानी रडलो.

ओढ्याच्या कडंला मशीन वळलं न्हाई, तिथं थोडी ज्वारी उभी राह्यली व्हती. गजानन म्हन्ला, पोरं लावून काढून घेतो. मी म्हन्लं, हात लावायचा न्हाई तिला. असा वराडलो की तो दचकला. तवापासून रोज जातो, जेवढं व्हईल तेवढं सोंगतो. पह्यल्या दिशी मी कडी म्हनून पाह्यली. न्हाई आली. सारी हयात त्याच्या बाजूला उभा राह्यलो, पन एक कडी माझ्या तोंडाला येत न्हाई, तोंड उघडलं की झीलच येती. मंग म्हन्लं, जाऊ दे, झील तर झील. आता मी काय करतो, रंगनाथची कडी जेवढी व्हती तेवढा गप राहातो, मनात मोजतो, इळा चालूच, आन ती संपली असं वाटलं की मी म्हन्तो, व्हय गड्या व्हय. शेजारच्या वावरातली शोभा घरापुरता लावलेला हरभरा उपटत व्हती, ती मोठ्यानं म्हन्ली, आबा, थांबले काऊन, ईसरले का पुढचं? मी म्हन्लं, ईसरलो न्हाई बाई, पुढचं माझं न्हाई. ती हासली, तिला वाटलं म्हातारा मस्करी करतो.

गजाननचा राग न्हाई मला, त्याचं लेकरूबाळ सुखात राहो, तुमचंबी भलं व्हवो, इतक्या लांबून आले, आन मानूस म्हनून ऐकून घेतलं. आता तुम्ही म्हन्ता, गाऊन दाखवा, मोबाइलात घेतो. घ्या. चला, ओढ्यापाशी जाऊ, थोडी ज्वारी उभी हाय अजून. फक्त एवढं करा भाऊ, मधी मधी नुसता वारा ऐकू येईल, तुम्हाला वाटंल आबा थांबला, तर मोबाइल बंद करू नका, आन घरी जाऊन ते कापूबी नका. तिथं रंगनाथ हाय.