तिच्या हातची गोळी

औषधाच्या दुकानात रांगेत उभ्या असलेल्या शिक्षिकेला पुढच्या आजोबांचं आणि काउंटरवरच्या मुलीचं बोलणं ऐकू येत होतं.

"पोट साफ होण्याच्या गोळ्यांचं आणखी एक पाकीट दे, पोरी."

"परवाच नेलंत की. रोज घेता?"

"ही गेली तेव्हापासून. दीड महिना झाला."

"आजोबा, डॉक्टरांना न विचारता या आठवडाभराच्या वर घ्यायच्या नसतात. अंगातलं पाणी जातं, क्षार जातात. पोटात दुखतं? रक्त पडतं?"

"तसलं काही नाही. नुसतं अडून बसतं. तिच्या हातची एकच गोळी पुरायची."

"ती कशी घेत होतात?"

"सकाळी दोन तांबे पाण्याबरोबर. त्याशिवाय विरघळत नाही म्हणायची. मग गोळी खाली उतरावी म्हणून पाण्याच्या टाकीपर्यंत चालवायची. गप्पा मारत जायचो."

"आणि आता?"

"आता घोटभर पाणी. चालायला सोबत कोण?"

"आजी इथून न्यायच्या ती व्हिटॅमिनची गोळी होती, आजोबा."

आजोबांनी पुढे केलेले पैसे मागे घेतले.

"इतकी वर्षं बनवलं की मला."

"हे पाकीट मी देत नाही. आधी डॉक्टरांना दाखवून या."

"दाखवतो. पण तिची ती गोळी दे. पाणी माझं मी ओतून घेईन."