ग्वेनोलाची पहिली लस

फ्रान्समध्ये औषधाच्या दुकानातल्या मदतनिसांनाही लस टोचायची मुभा मिळाली, त्या हिवाळ्यातली गोष्ट. बंदराजवळच्या दुकानात ओदील आपला नंबर यायची वाट पाहत बसली होती. शेजारच्या पडद्याआड म्हातारे मच्छीमार फान्श होते आणि एरवी काउंटरवर असणारी ग्वेनोला.

“बाही वर करा, काका.”

“तुझा हात का गं कापतोय?”

“तुम्ही पहिलेच आहात. आजवर मी नुसत्या खोकल्याच्या गोळ्या विकल्या. मालकीणबाईंना बोलावू का? त्या टोचतील.”

“छे छे! मग मी चाललो घरी. सांगायची लाज वाटते पोरी, पण सुई बघितली की मला घेरीच येते.”

“अगोबाई! आधी सांगायचं नाही का? टेकून बसा बघू. माझ्याकडे बघा. मोठा श्वास घ्या.”

“दंड घट्ट धर हं.”

“धरलाय. यंदा मासळी कशी आहे?”

“सार्डिन बरी आहे, पण तू टोचणार कधी?”

“टोचून झालं, काका!”

“झालं? कळलंसुद्धा नाही गं!”

फान्श बाहेर आले. ओदीलशेजारी बसलेली त्यांची बायको उठली.

“काय हो हे? तळहातात घुसलेला गळ दातांनी उपटणारा माणूस तुम्ही, आणि सुईला भ्यायलात?”

“हळू बोल की गं बये. पोरगी ऐकेल.”

पडद्यामागून खणखणीत आवाज आला, “पुढचं कोण? या, घाबरू नका!”

ओदील बाही सारतच उठली.